ऑनलाइन विकलेल्या मालामुळे गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर? प्रॉडक्ट लायबिलिटी विम्याबद्दल माहिती हवी आहे

कंदीलवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको आणि सीझनला चार-पाच बायका मिळून आकाशकंदील बनवतो. बांबूच्या काड्या, घोटीव कागद, खणाचं कापड, आत होल्डर, वायर, पिन. पूर्वी दादर आणि डोंबिवलीतली दुकानं एवढंच गिऱ्हाईक होतं, आता निम्म्याहून जास्त माल ऑनलाइन जातो.

गेल्या दिवाळीत इंदूरला गेलेल्या एका कंदिलाबद्दल वकिलाची नोटीस आली आहे. म्हणणं असं की कंदील पेटला, गॅलरीतला बांबूचा पडदा जळला, एसीच्या बाहेरच्या युनिटचे पाइप वितळले, भिंत काळी झाली. कोणाला इजा नाही, देवाची कृपा. मागणी १ लाख ८० हजारांची, मनस्ताप धरून. कंदिलाची किंमत ४४९ रुपये.

आमची दुकानाची पॉलिसी आहे, आग आणि चोरीची. एजंट आधी म्हणाला "बसवतो त्यात", आता फोन उचलत नाही. ज्या साइटवर माल विकला त्यांनी "विक्रेत्याशी बोला" म्हणून हात वर केले. हे दुकानाच्या पॉलिसीत बसतं का? नसेल तर कुठला विमा घ्यायचा? होल्डर आणि वायर मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घेतो, पक्कं बिल आहे. खोक्यात छापील चिठ्ठी असते, "फक्त एलईडी बल्ब, ९ वॅटपर्यंत", मराठी आणि इंग्रजीत.

रोखठोक_भिवंडी

दादा, टेन्शन घेऊ नका. वकिलाची नोटीस म्हणजे लेटरहेडवर दोन पानं. उत्तरच द्यायचं नाही. ४४९ रुपयांच्या मालासाठी इंदूरहून डोंबिवलीला कोण येतंय? मी किचनचा माल विकतो, चॉपर, मिक्सरची भांडी, इलेक्ट्रिक किसण्या. अशा धमक्या महिन्याला येतात. रिफंड फेकायचा, विषय संपला. विमा वगैरे एजंटांची पोटं भरायचे धंदे.

काळा_कोट

रोखठोक, उत्तर न देण्याचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. त्यांना डोंबिवलीला यायची गरजच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे इंदूरला. दुकानातून माल घेणारा गावातला असतो, ऑनलाइनवाल्याचं गिऱ्हाईक गुवाहाटीतही असू शकतं, आणि तारीख तिथेच लागते. सुनावणी व्हिडिओवरून घेण्याची सोय कायद्यात आहे, तेवढाच दिलासा.

फीचं म्हणाल तर वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. इथे किंमत म्हणजे मोजलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. ४४९ रुपये भरलेला माणूस फुकटात लाखांची भरपाई मागू शकतो. तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल होते.

कंदीलवाला, तुमच्याकडे आत्ता आली आहे ती नुसती वकिलाची नोटीस. तिला स्पीड पोस्टने, मोजकं, कबुलीचा एक शब्दही न घालता उत्तर द्या. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह आली की खरं घड्याळ सुरू होतं: लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, वर आयोगाने दिलेच तर १५. त्यापुढे एक दिवसही नाही. जुन्या कायद्यातल्या याच मुदतीबद्दल सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं आहे आणि नव्या कायद्यातली तरतूद तशीच आहे. "उत्तरच द्यायचं नाही" म्हणणाऱ्यांच्या केसेस इथेच बुडतात, समोरच्याचं म्हणणं एकतर्फी ऐकलं जातं.

आता मुद्द्याचं. २०१९ च्या कायद्यात सहावं प्रकरण वेगळं आहे, प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे मालामुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, कलम ८२ ते ८७. सदोष मालामुळे झालेली "हानी" म्हणजे इजा, आजार, मृत्यू, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान, आणि त्याबरोबर आलेला मनस्ताप. खुद्द ती वस्तू खराब झाली तर ते या प्रकरणात येत नाही, तो नेहमीचा रिफंडचा विषय. त्यामुळे तुमच्या ४४९ रुपयांचा इथे संबंध नाही, पडदा, एसी आणि भिंतीचा आहे. तुम्ही स्वतः बनवता, म्हणजे तुम्ही उत्पादक. उत्पादकाची जबाबदारी कलम ८४ मध्ये आहे: बनवण्यात दोष, डिझाइनमध्ये दोष, किंवा पुरेशा सूचना न देणं. तुमची बाजू कलम ८७ मध्ये सापडेल, म्हणजे वस्तूचा चुकीचा वापर किंवा तिच्यात केलेला बदल. चिठ्ठी होती हे चांगलं, पण ती *त्याच* खोक्यात होती हे दाखवावं लागेल. छापखान्याचं बिल, चिठ्ठीचा नमुना, पॅकिंगचा एखादा फोटो, जे असेल ते काढून ठेवा.

आणि उत्तरात लिहा की जळलेल्या कंदिलाचे अवशेष, होल्डर, बल्ब, काहीही फेकू नका, आम्हाला फोटो पाठवा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

विमेकरी_नाना

सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीतून निवृत्त झालो, बरीच वर्षं लायबिलिटी खात्यात होतो. कंदीलवाला, कडू आधी सांगतो. दुकानाच्या पॉलिसीत आग म्हणजे *तुमच्या* मालाला लागलेली आग. काही शॉपकीपर पॉलिसींत पब्लिक लायबिलिटी नावाचं एक पोटकलम असतं, पण ते दुकानात आलेला माणूस फरशीवर घसरून पडला, त्याच्या डोक्यावर बोर्ड पडला, असल्यासाठी. विकून बाहेर गेलेल्या मालाने परक्याच्या घरी केलेलं नुकसान त्यात सहसा मुद्दाम वगळलेलं असतं. तरी पॉलिसीचं पुस्तक काढून तेवढं पान वाचा आणि कंपनीला ईमेलने कळवून ठेवा. फोनवर नाही. एजंट "बसवतो" म्हणाला याला शून्य किंमत आहे.

दुसरं कडू: आज नवीन पॉलिसी घेतली तरी इंदूरचं प्रकरण तिच्यात येणार नाही. झालेल्या अपघाताचा विमा कोणी उतरवत नाही.

पुढच्यासाठी हवी ती "प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी", किंवा मोठ्या धंद्याला "कमर्शियल जनरल लायबिलिटी", जिच्यात जागेची आणि मालाची दोन्ही जबाबदारी एकत्र असते. कोणी "पब्लिक लायबिलिटी ॲक्ट पॉलिसी" दाखवली तर घेऊ नका, ती १९९१ च्या कायद्याखाली घातक रसायनं हाताळणाऱ्यांना सक्तीची आहे, तुमचा काही संबंध नाही. नाव सारखं म्हणून गळ्यात मारलेली मी स्वतः पाहिली आहे.

आता या पॉलिसीत लोक कुठे फसतात ते सांगतो, कारण हे ब्रोकरही धड सांगत नाहीत. आपल्याकडे ही पॉलिसी "क्लेम्स मेड" धर्तीची असते. म्हणजे अपघात झाला तेव्हा पॉलिसी होती एवढं पुरत नाही, *दावा आला* तेव्हाही चालू पाहिजे. तुमचंच उदाहरण घ्या. कंदील ऑक्टोबरात विकला, दिवाळीत पेटला, नोटीस कित्येक महिन्यांनी आली. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सीझनचे लोक म्हणतात, नाना, आमचा धंदा दोन महिन्यांचा, दोन महिन्यांची पॉलिसी द्या. दिली तर पैसे वाया, कारण दावा येईल तेव्हा पॉलिसी संपलेली असेल.

तिच्यात "रेट्रोॲक्टिव्ह डेट" नावाची तारीख असते. त्या तारखेच्या आधी घडलेला अपघात धरत नाहीत. पहिल्यांदा घेताना ही तारीख सहसा पॉलिसी सुरू होण्याचीच असते. दरवर्षी न चुकता नूतनीकरण केलं तर ती तीच राहते आणि मागचं संरक्षण साठत जातं. एक वर्ष खंड पडला, किंवा स्वस्तात मिळते म्हणून कंपनी बदलली आणि नव्याने आजची तारीख टाकली, की मागचं सगळं पुसलं. कंपनी बदलायला हरकत नाही, पण जुनी तारीख पुढे चालू ठेवतो असं लेखी घ्या. आधीच्या वर्षी विकलेला माल आणि अपघात मात्र पॉलिसी सुरू झाल्यावर, हे धरतात का, तेही लेखी विचारा. हप्त्यात पाचशे-हजार वाचवायला माणसं तासभर घासाघीस करतात आणि ही तारीख वाचत नाहीत.

सातारी_मसाला

नाना, खूप उपयोगी माहिती. आमचा कांदा-लसूण मसाला, जवसाची चटणी आणि भाजणी ऑनलाइन जाते. खाद्यपदार्थांसाठी लागते ती एफएसएसएआय नोंदणी आहे. मध्यंतरी एका ताईंचा मेसेज आला की भाजणीत खडा निघाला आणि दाताचा तुकडा उडाला. मी लगेच "सॉरी ताई, डेंटिस्टचं बिल पाठवा" म्हटलं आणि बिल भरलं. पॉलिसी असती तर हे पैसे मिळाले असते का?

विमेकरी_नाना

ताई, माणुसकी म्हणून केलंत ते चांगलंच. पण पॉलिसी असताना असं परस्पर केलं असतं तर कंपनीने नाकारलं असतं. अट अशी असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, तडजोड करायची नाही. "कळलं, वाईट वाटलं, चौकशी करून कळवते" एवढंच लिहायचं आणि त्याच दिवशी कंपनीला मेल. शिवाय प्रत्येक पॉलिसीत "एक्सेस" असतो, म्हणजे पहिली ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून. दाताचं छोटं बिल बहुधा त्यातच गेलं असतं. हा विमा डेंटिस्टच्या बिलासाठी नाही, एका लग्नात तुमच्या चटणीने चाळीस जण दवाखान्यात गेले तर त्यासाठी.

खाद्यपदार्थवाल्यांनी एक लक्षात ठेवा. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ६५ मध्ये भरपाई वेगळी ठरवून दिली आहे: मृत्यू झाला तर किमान ५ लाख, गंभीर इजा ३ लाखांपर्यंत, बाकी इजा १ लाखापर्यंत. "किमान" हा शब्द नीट वाचा. पॉलिसीचं लिमिट, म्हणजे कमाल रक्कम, ठरवताना एवढं तरी डोक्यात असू द्या.

काळा_कोट

नानांना दुजोरा. ताई, प्रत्येक घाण्याला बॅच नंबर टाकता ना? त्या बॅचचं एक पाकीट सीलबंद ठेवत चला, मुदत संपेपर्यंत तरी. खडा गिरणीतला की धान्यातला, की तुमचा नव्हेच, हे सांगायला हातात काहीतरी पाहिजे.

सातारी_मसाला

बॅच टाकतो. पाकीट ठेवत नव्हतो, आता ठेवू. 🙏

रोखठोक_भिवंडी

ते मसालेवाले, कंदीलवाले स्वतः बनवतात, ठीक आहे. मी ट्रेडर. माल चीनहून न्हावा शेवाला उतरतो, आपण फक्त आपल्या ब्रँडचं खोकं आणि स्टिकर लावतो. चॉपरमध्ये कोणाचं बोट गेलं तर कंपनी बघेल, मी काय ब्लेड घडवलं का?

काळा_कोट

साहेब, तुम्ही स्टिकर लावता तिथेच गोची आहे. कलम २(३६) मध्ये उत्पादकाची व्याख्या वाचा. माल बनवणारा तर आहेच, पण दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचं चिन्ह लावणारा किंवा लावून घेणाराही कायद्याने उत्पादक. म्हणजे तुमच्या चॉपरचे उत्पादक तुम्ही. चीनमधली फॅक्टरी आयोगाच्या दृष्टीने चित्रातच नाही.

आणि समजा स्टिकर न लावता तसाच विकलात. तरी कलम ८६ आहे. नुसता विक्रेता कधी जबाबदार, तर त्याने पॅकिंग-लेबल किंवा डिझाइनवर भरीव ताबा ठेवला असेल, मालात फेरफार केला असेल, स्वतःची वेगळी हमी दिली असेल, तपासणीत हलगर्जी केली असेल किंवा धोक्याची सूचना पुढे पोचवली नसेल तर. आणखी एक, तुमच्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: मूळ उत्पादक कोण ते माहीत नसेल, किंवा तो भारताच्या कायद्याच्या कक्षेत येत नसेल, तर विक्रेताच उभा राहतो. यातून फक्त एकच माणूस बऱ्यापैकी सुटतो, जो भारतातल्या नामांकित कंपनीचा माल, कंपनीच्याच खोक्यात, बिलासकट विकतो.

रोखठोक_भिवंडी

म्हणजे अख्खी भिवंडी उत्पादक झाली म्हणा की. 😀

बरं, मस्करी राहू दे. मग मला पण पॉलिसी मिळेल का? चॉपर विजेवर चालतो.

विमेकरी_नाना

मिळेल, पण आधी कागद दाखवा. पॉलिसीत एक अपवाद असतो: कायद्याची अट जाणूनबुजून पाळली नाही आणि त्यातून नुकसान झालं तर कंपनी पैसे देत नाही. ज्या मालाला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र किंवा नोंदणी सक्तीची आहे तो माल त्याशिवाय विकला तर हप्ता भरूनही हाती काही नाही. खेळणी, प्रेशर कुकर, पीव्हीसी वायर यांना बीआयएसचा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, दिव्यांच्या तयार माळांना बीआयएसची नोंदणी लागते, त्यावर "आर" ने सुरू होणारा नंबर असतो. तुमच्या मालाची यादी घेऊन बसा आणि एकेक वस्तू बीआयएसच्या साइटवर तपासा. हे सक्तीचे आदेश सतत वाढतात. कंदीलवाला, तुम्हीही तुमच्या वायरीवर काय छापलंय ते बघा.

आणि विकलेला माल परत बोलावण्याचा, म्हणजे रिकॉलचा, खर्च या पॉलिसीत नसतो. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला प्रमाणित नसलेल्या २,२६५ प्रेशर कुकरच्या गिऱ्हाइकांना कळवायला, कुकर परत घ्यायला आणि पैसे परत करायला सांगितलं, वर १ लाख दंड. असा आदेश छोट्या विक्रेत्यावर आला तर कुरियर, रिफंड, दंड, सगळं स्वतःचं. रिकॉलचा विमा वेगळा मिळतो, महाग असतो, आपल्या मापाच्या धंद्याने त्याच्या नादी लागू नये असं माझं मत.

रोखठोक, तुमच्यासाठी अजून एक. जिथे मूळ उत्पादक भारतातला असतो तिथे त्याच्या पॉलिसीत विक्रेत्याचं नाव जोडून घेता येतं, "व्हेंडर्स एंडॉर्समेंट" म्हणतात. चीनच्या मालाला हा मार्ग कल्पनेतच ठीक.

संपादक_मंडळ

या धाग्यावर विमा एजंटांनी टाकलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. फोन नंबर आणि "सर डीएम करा" चालणार नाही. चर्चा चालू द्या.

चादरवाले

सोलापूर. चादरी, टॉवेल, पंचे विकतो. आम्हाला याची गरज आहे का? चादरीने कोणाला काय होणार? 😅

विमेकरी_नाना

रंग अंगाला लागून पुरळ उठलं, लहान मुलाच्या टॉवेलचा धागा बोटाला गुंडाळला, असं क्वचित होतं. खरं सांगू? भारतातच विकत असाल तर तुमच्या पैशाचा पहिला हक्क गोदामाच्या आगीच्या विम्याचा. तो पुरेसा आहे का बघा, साइटच्या गोदामात ठेवलेला माल त्यात आहे का बघा. हे नंतर. निर्यात करत असाल तर मात्र खालचं जर्सीकरांचं वाचा (ते लिहितीलच 😀).

जर्सीकर

नानांनी हाक मारलीच आहे तर लिहितो. मी न्यू जर्सीत राहतो, पत्नी सोया मेणाचे दिवे आणि रांगोळीचे साचे विकते. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या साइटवर एका महिन्यात विक्री १०,००० डॉलरच्या वर गेली की ३० दिवसांत लायबिलिटी विमा दाखवावा लागतो, किमान १० लाख डॉलरचा, आणि त्यात ॲमेझॉनचं नाव "ॲडिशनल इन्शुअर्ड" (जादा विमाधारक) म्हणून घालावं लागतं. २०२१ च्या सप्टेंबरपासूनची ही रचना. आम्ही मर्यादेच्या खूप खाली होतो, पण दिवे म्हणजे ज्योत, त्यामुळे आधीच घेतला. साच्यांना कोणी काही विचारलं नाही. दिव्यांबद्दल मात्र फॉर्मवर पानभर प्रश्न: वात कुठली, काचेची भांडी कोणाची, इशाऱ्याचं लेबल कुठे चिकटवता, जळण्याची चाचणी घेता का.

हे एवढं का, तर इथली कोर्टं. बोल्गर विरुद्ध ॲमेझॉन या खटल्यात लॅपटॉपची बॅटरी पेटून बाई भाजली. विक्रेता हाँगकाँगचा, तो कोर्टात फिरकलाच नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की ॲमेझॉनलाही जबाबदार धरता येईल. उलट टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, लहान मुलाने रिमोटची बॅटरी गिळली त्या खटल्यात, ॲमेझॉन विक्रेता नाही असा निकाल दिला, कारण मालाची मालकी त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. राज्यागणिक कायदा वेगळा, मग साइट म्हणते विमा तुम्ही काढा आणि आमचंही नाव घाला.

भारतातून इथे माल पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्या: तिकडच्या साध्या पॉलिसीचा इथे उपयोग नाही. अपघात अमेरिकेत आणि खटलाही अमेरिकेतल्या कोर्टात, दोन्ही धरलेत का ते बघा. नाना, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

विमेकरी_नाना

टेरिटरी आणि जुरिस्डिक्शन. बहुतेक कोटेशनमध्ये "अमेरिका-कॅनडा वगळून जगभर" असं लिहिलेलं असतं आणि लोक "जगभर" वाचून खूश होतात. अमेरिका घातली की हप्ता चांगलाच चढतो, एक्सेसही. अमेरिकेचा माल वर्षाला चार पार्सलं असेल तर ती बंद करणं स्वस्त पडेल, असं मी दोघा-तिघांना सांगितलं आहे. त्यांना आवडलं नाही.

साइटबरोबरच्या कराराचंही सांगून टाकतो. "मालामुळे आमच्यावर काही आलं तर विक्रेता भरून देईल" असं कलम बहुतेक साइट विक्रेत्याकडून मान्य करून घेतात. पॉलिसीत मात्र उलटा अपवाद असतो: करारामुळे अंगावर घेतलेली जास्तीची जबाबदारी धरणार नाही. म्हणजे साइटने त्यांच्या वकिलाची फी तुमच्या पेमेंटमधून कापून घेतली तर ती पॉलिसीतून मिळेलच असं नाही. करार आणि पॉलिसी शेजारी-शेजारी ठेवून वाचणारा विक्रेता मला आजवर भेटलेला नाही.

काळा_कोट

भारतातल्या साइट "आम्ही फक्त मध्यस्थ" म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, मध्यस्थाला जबाबदारीतून सूट देणाऱ्या, कलम ७९ कडे बोट दाखवतात. तक्रारदार बहुधा साइट आणि विक्रेता दोघांना पार्टी करतो, आणि ठोस पत्ता विक्रेत्याचाच असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्यानेही तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं. घरचा धंदा असेल तर तो अधिकारी म्हणजे तुम्हीच, पण नाव-ईमेल लिहिलेलं पाहिजे.

कंदीलवाला_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. ताजी खबर. वकिलामार्फत उत्तर गेलं, त्यात अवशेषांचे फोटो मागितले, आणि त्यांनी पाठवले. कंदील तर राखच. पण होल्डर अर्धा वितळलेला, आणि त्यात बल्बची धातूची टोपी अडकलेली दिसते. टोपीतून काचेचा देठ वर आलाय, त्यावर दोन तारा उभ्या. फोटो मोठा करून चार जणांना दाखवला. नेहमीच्या प्लास्टिकच्या एलईडीला असा देठ नसतो ना? हा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब दिसतो. ९ वॅटचा तर वाटत नाही.

आणि नाना, आमच्या वायरीवर आयएसआय आहे. होल्डरवर काहीच छापलेलं नाही, बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही. लोहार चाळीतल्या व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला "दिल्लीचा माल".

काळा_कोट

फोटो मूळ स्वरूपात सांभाळा, ज्या ईमेलमधून आले तो ईमेलही. कलम ८७ साठी हा चांगला धागा आहे. पण विजयाचे फटाके लगेच वाजवू नका. समोरचा म्हणेल बल्ब तुमच्याबरोबरच आला, किंवा चिठ्ठी हिंदीत नव्हती म्हणून कळली नाही. इशारा खोक्यातल्या सुट्या चिठ्ठीपेक्षा होल्डरच्या शेजारी, बल्ब बसवताना डोळ्यांसमोर येईल असा पाहिजे. कागदाचा कंदील आणि बिननावाचा होल्डर ही जोडी आयोगापुढे चांगली दिसत नाही, हे स्पष्ट सांगतो. व्यापाऱ्याचं बिल आहे, त्यालाही पार्टी करा असं आपण म्हणू शकतो.

रोखठोक_भिवंडी

कंदीलवाला, नाव छापलेला होल्डर घ्या, नगामागे दोन-चार रुपयांचा फरक आहे. पक्कं बिल देणारा व्यापारी ओळखीचा आहे, मेसेज करतो. आणि तो इंदूरवाला तडजोडीला आला तर बसा. या बल्बच्या फोटोनंतर १ लाख ८० हजारांचे बरेच खाली येतील.

कंदीलवाला_डोंबिवली

तडजोडीचं वकिलांनाही विचारलंय. होल्डर बदलतोच आहे, आणि इशारा होल्डरच्या कडीला टॅग बांधून, चित्रासकट.

दोन कंपन्यांची कोटेशनं आली. एकीत "एओए : एओवाय १:१", दुसरीत "१:२" लिहिलंय, दुसरीचा हप्ता जास्त. आणि प्रपोजल फॉर्मवर प्रश्न आहे: "दावा होऊ शकेल अशी कुठली घटना माहीत आहे का?" ब्रोकर म्हणतो "नाही" लिहा, केस अजून कुठे लागलीय.

विमेकरी_नाना

"हो" लिहा आणि नोटिशीची प्रत जोडा. "नाही" लिहिलंत तर उद्या दुसरा कुठलाही दावा आला तरी कंपनी हाच कागद काढेल. ब्रोकर त्या दिवशी तुमच्यासोबत नसेल. इंदूरचं प्रकरण वगळून पॉलिसी मिळेल, हप्ता थोडा वाढेल, चालेल.

एओए म्हणजे एका अपघाताला जास्तीत जास्त किती, एओवाय म्हणजे वर्षभराला मिळून किती. १:१ म्हणजे समजा २५ लाख आणि २५ लाख, पहिल्याच मोठ्या दाव्यात वर्षाचं भांडं रिकामं. १:२ घ्या. पण एक बारीक गोष्ट: एकाच कारणाने आलेले सगळे दावे एकच अपघात धरतात. दिल्लीच्या एका खेपेतले पाचशे होल्डर सदोष निघाले आणि दहा घरांत कंदील पेटले तर तो एक अपघात, त्याला एओएचीच मर्यादा. म्हणून तुमच्या धंद्यात एओएचा आकडा मोठा हवा. आणि वकिलाची फी बहुतेक पॉलिसींत याच रकमेतून जाते, वर मिळत नाही.

उलाढालीचा आकडा खरा टाका, हप्ता त्यावर ठरतो आणि दाव्याच्या वेळी जीएसटीचे रिटर्न मागतात. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिटमध्ये घेता येतो, सीएला विचारा.

कंदीलवाला_डोंबिवली

"हो" लिहून पाठवतो. १:२ वाली घेतो. दावा नाकारलाच तर पुढे कुठे जायचं?

विमेकरी_नाना

आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मालकी हक्काचा एकट्याचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर तिथे जाता येतं, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत, तुमचा पत्ता कोणाकडे येतो ते त्यांच्या साइटवर बघा. पार्टनरशिप मोठी झाली की हा मार्ग बंद, मग ग्राहक आयोग किंवा कोर्ट.

सातारी_मसाला

नाना, एक शेवटचं. आमचा बचत गट आहे, बारा जणी. एफएसएसएआय नोंदणी माझ्या एकटीच्या नावावर, पाकिटावर गटाचं नाव, आणि साइटवरचं खातं माझ्या मुलाच्या नावावर. पॉलिसी कोणाच्या नावाने काढायची?

विमेकरी_नाना

ताई, हे तीन नावांचं आधी एक करा, मग पॉलिसी. दावा येईल तो पाकिटावरच्या नावावर, साइट पैसे कापेल मुलाच्या खात्यातून, अन्न खातं येईल तुमच्याकडे. पॉलिसीत ज्याचं नाव नाही त्याला कंपनी ओळखतच नाही. गटाची रीतसर नोंदणी असेल तर एफएसएसएआय आणि साइटचं खातं गटाच्या नावावर करून घ्या, आणि विमाही त्याच नावाने. तोवर घाई असेल तर तिन्ही नावं विमाधारक म्हणून घालायला सांगा, काही कंपन्या घालतात. फॉर्मवर मात्र कोण काय करतं ते सविस्तर लिहा, जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडा.